पट्टीचा विसावा

चाकणच्या एका कारखान्यात, चार नंबरच्या लाइनवर, बारा बायका, चोवीस गुडघे आणि एक स्टूल होते. स्टुलावर सुपरवायझरची बॅग बसत असे.

तनुजा तिथल्या प्रयोगशाळेत नवी लागलेली. चिखलीहून येणाऱ्या कुसुमताईंचे सुजलेले गुडघे पाहून तिने त्यांच्यासाठी स्टूल मागितले, तेव्हा कार्मिक विभागाच्या जयदीपरावांनी आकडे मागितले. दुखणे हे मत झाले, माहिती नव्हे. मग तनुजाने समुद्री शेवाळाच्या अर्कात रेशमाचे प्रथिन मिसळून एक मऊ, ताणली जाणारी पट्टी बनवली. गुडघ्याला बांधली की सांध्यावरचा ताण मोबाइलवर दिसे. मंजुरी देणाऱ्या समितीने एकच शंका काढली: पट्टी शाकाहारी आहे ना? तासभर चर्चा होऊन रेशीम वगळण्यात आले.

कुसुमताईंच्या गुडघ्याचा घेर सदतीस सेंटिमीटर भरला. तेवढी पट्टी कापली. पहिल्याच दिवशी अकराच्या आत ताणाने मर्यादा ओलांडली.

जयदीपरावांनी अहवाल उलटसुलट पाहिला आणि विचारले, की दिवसभर ताणून पट्टीच थकली नसेल कशावरून? तनुजाने प्रामाणिकपणे तपासले. दोन तासांत पट्टीची लवचीकता नऊ टक्के उतरत होती. ओल्या फडक्यात बारा मिनिटे ठेवली की परत येत होती. तिने तेही लिहून दिले. हा अहवाल त्याच दुपारी मंजूर झाला.

"मॅडम, नैसर्गिक वस्तू आहे, जपायला पाहिजे," जयदीपराव हळवे होऊन म्हणाले. "आपण तर खंडेनवमीला मशीनलासुद्धा हार घालून विसावा देतो."

परिपत्रक निघाले. लाइनवरच्या बाराही जणींना पट्ट्या बांधाव्यात. दर दोन तासांनी त्या सोडून, ओल्या फडक्यात बारा मिनिटे विसाव्याला ठेवाव्यात. लाइन थांबवू नये. जमीन हादरते, म्हणून पट्ट्या स्टुलावर ठेवाव्यात. बॅग खाली गेली आणि स्टुलावर पाटी लागली: 'उपकरण विसाव्यात आहे. बसू नये.'

कुसुमताईंनी उभ्याउभ्या पाटी वाचली. "म्याडम, मला बी शेवाळाचं करून टाका की," त्या म्हणाल्या. "लई न्हाई, गुडघ्यापुरतं."

तनुजाने पुन्हा अर्ज केला. विसाव्याच्या बारा मिनिटांत बायकांना ताण असतो याचा पुरावा जोडावा, असे उत्तर आले. त्या वेळी पट्ट्या स्टुलावर असल्याने पुरावा नव्हता. मात्र बारा पट्ट्यांची दाटी होते हे समितीला पटले, आणि दुसरे स्टूल मंजूर झाले. पट्ट्यांसाठी.

महिनाअखेरीस तनुजाने पुन्हा टेप लावली. कुसुमताईंच्या गुडघ्याचा घेर एकोणचाळीस सेंटिमीटर भरला. पट्टी मात्र ताणून तीच पुरली.