सतरा मिनिटं पुढचं घड्याळ

नोकरी सोडायचा निर्णय घ्यायला आपल्या गृहस्थांना तीन वर्षं लागली. भिंतीवरचं घड्याळ खाली उतरवायचा निर्णय त्यांनी तीन मिनिटांत घेतला. घोटाळा झाला तो या दुसऱ्या निर्णयानं.

बावीस वर्षं ते एका मोठ्या कंपनीत सर्व्हर सांभाळत होते. तिथला नियम एकच: कशालाही हात लावण्याआधी सगळ्यांना कळवायचं. स्क्रीनवरचा एक स्वल्पविराम बदलायचा म्हटलं तरी फॉर्म भरायचा, अकरा जणांना मेल पाठवायचा आणि अकराही मंजुऱ्या येईपर्यंत चहा पीत बसायचं. (त्यांना आम्लपित्त जडलं ते कामानं नव्हे, या चहानं.) शेवटी एका स्वल्पविरामासाठी चौथी मीटिंग बोलावली गेली, तेव्हा ते उठले आणि राजीनामा देऊन आले. तो मात्र त्याच दिवशी मंजूर झाला. हे त्यांच्या मनाला जरा लागलंच.

पुढे काय करायचं ते ठरलेलं होतं. दर शनिवारी एका म्हाताऱ्या घड्याळजींच्या शेजारी बसून ते घड्याळं दुरुस्त करायला शिकले होते. आता घरातल्या बंद गॅलरीत टेबल, दिवा आणि भिंग मांडून त्यांनी दुकान थाटलं. बायको म्हणाली, "सहा महिने बघू." कॉलेजात जाणारी मुलगी म्हणाली, "भारी!" आई काहीच म्हणाली नाही. रोज सकाळी ती तेवढं विचारायची, "डबा देऊ का रे?" आणि "अगं, मी घरीच आहे" हे ऐकून मुकाट्यानं आत जायची. बायकोच्या सहा महिन्यांपेक्षा आईचं हे गप्प राहणं त्यांना जड जात होतं. तिनं एकदा "बरं केलंस" म्हणावं, बाकी त्यांना काही नको होतं.

म्हणून त्यांचं लक्ष घड्याळाकडे गेलं. दिवाणखान्यातलं ते टोल्यांचं घड्याळ वडिलांनी घेतलेलं. वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती. गृहस्थांना आठवत होतं तेव्हापासून ते घड्याळ सतरा मिनिटं पुढे होतं आणि सगळं घर सतरा मिनिटं वजा करून जगत होतं. सून घरात आली तेव्हा सासूनं तिला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी समजावल्या होत्या, गॅसचा कॉक आणि सतरा मिनिटं. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला, तरी घराबाहेर पडताना सगळे बघायचे भिंतीकडेच.

रविवारी दुपारी तिघी मावशीकडे गेल्या आणि गृहस्थ स्टुलावर चढले. त्यांनी घड्याळ उघडलं, चाळीस वर्षांची धूळ काढली, तेल दिलं, टोल्यांची हातोडी सरळ केली आणि काटे अगदी बिनचूक वेळेवर आणून ठेवले. फॉर्म नाही, मेल नाही, मंजुरी नाही! बावीस वर्षांत इतका मोकळा श्वास त्यांनी घेतला नव्हता. घरात कुणाला सांगायचं नाही, आईला आपोआप कळू दे, असंही त्यांनी ठरवून टाकलं.

सोमवारी सकाळी घड्याळाचे सात टोले पडले आणि त्याच क्षणी कारखान्याचा भोंगा झाला. आई चहा गाळत होती. इतकी वर्षं टोले आणि भोंगा यांच्यामध्ये तिचा चहा निवांत पिऊन व्हायचा. तिनं एकदा भिंतीकडे बघितलं, मग मुलाकडे बघितलं, आणि चहा उभ्याउभ्याच संपवला. गृहस्थांना वाटलं, आईला भरून आलं असणार.

मुलीनं सवयीनं सतरा मिनिटं वजा केली आणि तिची बस गेली. ती प्रॅक्टिकल परीक्षेला धापा टाकत पोचली. बायकोनंही सतरा मिनिटं वजा केली. ती वाचनालयात काम करते आणि किल्ल्या तिच्याचकडे असतात. नऊच्या ऐवजी नऊ वाजून सतरा मिनिटांनी ती पोचली, तेव्हा पायऱ्यांवर पेपर वाचायला आलेली पाच म्हातारी माणसं तिष्ठत होती. सगळ्यांत पुढे, हाताची घडी घालून, एक निवृत्त स्टेशनमास्तर.

हेच स्टेशनमास्तर दहा वाजता आपलं टेबलावरचं घड्याळ घेऊन गृहस्थांकडे यायचे होते. पहिलं गिऱ्हाईक! दहाला पाच कमी असताना गृहस्थांनी भिंतीकडे बघितलं, सतरा मिनिटं वजा केली (होय, त्यांनीच), "अजून भरपूर वेळ आहे" असं म्हणाले आणि अंघोळीला गेले. ते डोकं पुसत बाहेर आले तेव्हा आई दार लावून घेत होती.

"कोण आलं होतं?"

"तुझं गिऱ्हाईक. दहा मिनिटं उभे होते. बसा म्हटलं तर बसले नाहीत. म्हणाले, एकाच घरानं एका सकाळी मला दोनदा ताटकळत ठेवलं. इतकी वर्षं स्टेशन सांभाळलं, पण असं कधी पाहिलं नाही."

गृहस्थ टॉवेल खांद्यावर घेऊन तसेच खाली बसले. बावीस वर्षांची नोकरी गेली होती आणि नवा धंदा अंघोळीत बुडाला होता. आपल्याला यातलं काहीच जमणार नाही, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

संध्याकाळी बायको आणि मुलगी घरी आल्या. दोघींनी बोलायला तोंड उघडलं, पण आईनं हातानं थांबवलं.

"ते बिघडलेलं नव्हतं रे," ती म्हणाली. "तू तिसरीत होतास. रोज शाळेला उशीर. मास्तरांनी ह्यांना बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी हे तुझ्या मागनं गुपचूप शाळेपर्यंत चालत गेले, तू वाटेत किती वेळ घालवतोस ते बघायला. सतरा मिनिटं. घरी आले आणि काटा पुढे केला. तुला एका शब्दानं बोलले नाहीत."

"मला कुणी सांगितलंच नाही."

"सांगून कसं चाललं असतं? तरी आठवड्यात तुला कळलंच, आणि तू वजा करायला लागलास."

"मग बाबांनी परत मागे का नाही केलं?"

"तोवर ह्यांना सवय लागली होती."

गृहस्थांचे डोळे भरून आले. चाळीस वर्षं जो दोष त्यांना घड्याळाचा वाटत होता, तो त्यांचाच होता आणि वडिलांनी तो निमूटपणे भिंतीवर टांगून ठेवला होता.

"टोले मात्र छान केलेस," आई हळूच म्हणाली. "ह्यांनी नवं आणलं तेव्हा असेच ऐकू यायचे. नोकरी सोडलीस ते बरं केलंस."

गृहस्थांनी डोळे पुसले. ते उठले, स्टुलावर चढले आणि घड्याळाची काच उघडली.

"स्टेशनमास्तर उद्या दहाला पुन्हा येणार आहेत," बायको म्हणाली. "इथून ते तडक वाचनालयात आले. मी हातापाया पडून कबूल करून घेतलंय."

"सतराच मिनिटं ना?" गृहस्थांनी काट्याला बोट लावत विचारलं.

"छे! शाळा तरी लांब होती," आई म्हणाली. "आता दुकान आठ पावलांवर आहे, तरी उशीर झाला तुला. चाळीस कर."

"चाळीस फार होतात, आई," बायको म्हणाली. "तीस ठेवू या."

"बाबा, थांबा! काट्याला हात लावू नका," मुलगी म्हणाली. "आधी तिघींचं एकमत होऊ दे." तिघी सोफ्यावर बसल्या आणि चर्चा सुरू झाली.

गृहस्थ स्टुलावर उभे राहून मंजुरीची वाट बघत होते. ऑफिसात निदान चहा तरी मिळायचा.