गोरखची होडी आणि धुक्यातला मासा

"या हिवाळ्यात आपल्या घरात मटण शिजणार न्हाई!" दिवाळीच्या पाडव्याला गोरखनं छाती पुढं काढून जाहीर केलं.

"का? माळ घातली व्हय?" मंगलनं विचारलं.

"माळ न्हाई, होडी घेतली!"

खरंच घेतली होती. पानशेतला पुण्याच्या पाहुण्यांना पाण्यात फिरवणाऱ्या एकानं धंदा गुंडाळला आणि त्याची फायबरची होडी गोरखच्या पदरात पडली. रंग गुलाबी, पुढच्या टोकाला लालभडक बदाम आणि त्याखाली 'स्वीट हार्ट' असं ठळक अक्षरात! मंगलनं कपाळाला हात लावला. गोरख म्हणाला, "मासं काय नाव वाचून येत्यात व्हय?"

बहुतेक वाचत असावेत. कारण आले नाहीत.

कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. थंडीत मासा तळाशी जाऊन बसतो आणि माणूस वर होडीत बसतो, एवढं ज्ञान गोरखला झालं. स्वतःच्या होडीचा आणखी एक त्रास असा, की दुसऱ्याच्या होडीत मासा मिळाला नाही तर होडीवाल्याला शिव्या देता येतात. इथं द्यायच्या कुणाला? त्यात धरणाकाठच्या वस्तीवरचा जो तो हाक मारायचा. कुणाला पल्याड लग्नाला सोड, कुणाची गाभण शेळी डॉक्टरकडं ने. रविवारी काठावरचे पाहुणे तो बदाम बघून मोबाईल हलवत ओरडायचे, "ओ काका, राउंड किती मिनिटांचा?" अख्ख्या हंगामात गोरखच्या जाळ्यात जे चार बारके चिलापी मासे सापडले, ते मांजरानं हुंगले आणि दया येऊन सोडून दिले.

पण मोबाईलवर सासऱ्याशी बोलताना गोरखला कोण अडवणार?

"मामा, मासं निसतं होडीत उड्या मारत्यात! या की एकदा!"

सासरे रखमाजी वरवे बुद्रुकचे. पाण्याला इतके भिणारे, की अंघोळीलासुद्धा तांब्या लांबून ओतायचे. ते कशाला येतायत, असा गोरखचा हिशोब. आणि पौषात एका संध्याकाळी रखमाजी दोन एसट्या बदलून, मफलर गुंडाळून दारात हजर!

मंगलनं गोरखला गोठ्यामागं गाठलं. "अवं, लग्न ठरताना आबा म्हणालं व्हतं, पोरगं बोलतंय लई, करतंय थोडं. मीच हट्ट धरला. उद्या वस्तीवरची चार माणसं जेवायला सांगितल्यात. माझी मान खाली जाऊ देऊ नका!"

शेवटी गोरखनं ठरवलं, सकाळी गुपचूप पानशेतला वल्हवत जायचं, बाजारातून चांगला मोठा कटला मासा आणायचा आणि वाटेत पाण्यात बुडवून ओला करायचा. बेत नामी होता! फक्त सकाळी तो काठावर पोचला, तर रखमाजी होडीच्या मधोमध दोन्ही कडा घट्ट धरून आधीच बसलेले!

"चला जावईबापू. म्या बी येतो. उड्या बघायच्यात."

आता काय करता? गोरखनं होडी पाण्यात ढकलली. धुकं तर असं पडलेलं, की वल्हं पाण्यात गेलं की नाही हे आवाजावरनं ओळखायचं. होडीच्या पुढच्या टोकाला रंगवलेला बदाम दिसेना. गोरख वल्हवत राहिला. डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं. हात गळून आले.

"कुठवर आलो?" रखमाजींनी डोळे मिटूनच विचारलं.

"मधोमध, मामा. हितं खोली लई हाय," गोरख म्हणाला. खरं तर त्याला काहीच कळत नव्हतं. तेवढ्यात जाळ्याला बांधलेली प्लास्टिकची बाटली होडीला धडकली. आदल्या दिवशी लावलेलं जाळं! गोरखनं दोरी ओढली. जाळं येईना. आणखी जोर लावला. आणि मग जाळ्यानंच गोरखला ओढलं!

"मामा! लागला! लई मोठा हाय!"

"सोडा त्येला!"

"सोडायचा न्हाई!" गोरखनं दोरी होडीच्या कडीला गच्च बांधली. होडीला असा हिसका बसला, की रखमाजी उताणे झाले. 'स्वीट हार्ट' धुक्यातून मोटरबोटीसारखी निघाली! एवढ्यात पुढून जोरात आवाज आला, "फुर्रर्र!"

"मामा, तुमी शिंकला व्हय?"

"म्या कशाला शिंकू? तुमीच शिंकला!"

"न्हाई ओ."

शिंकणारा मासा रखमाजींनी ऐकला नव्हता आणि गोरखनंही नाही. रखमाजी सगळ्या देवांची नावं घेऊ लागले. पुन्हा "फुर्रर्र!" झालं आणि धुक्यात दोन शिंगं दिसली. होडी चिखलात घुसून थांबली आणि जाळं, बाटल्या, शेवाळ अंगावर लेऊन एक म्हैस नवरीसारखी ठुमकत काठावर चढली.

"म्हस हाय ही!" रखमाजी म्हणाले.

"दिसतंय मला. पल्याडच्या लोकांची असनार. तिनं आपल्याला पल्याड आणलं!" गोरख कुजबुजला. "पण बघा मामा, हिकडची जनावरं कशी पोसलेली! न्हाईतर आमची म्हस, नुसता सापळा."

तेवढ्यात धुक्यातून बाईचा आवाज कडाडला. "कोन हाय रं तितं? माझ्या म्हशीला जाळं टाकून नेताय? थांबा, मुडद्यांनो!"

आवाज गोरखला थोडा ओळखीचा वाटला. पण पल्याडच्या बायकाही अशाच ओरडत असतील, असं त्याला वाटलं. तो होडीतच हात जोडून अदबीनं म्हणाला, "रागावू नका, बाई. आमी वाट चुकलो. हे गाव कंचं म्हनायचं?"



रखमाजी गोरखच्या कानाशी आले. "या गावच्या बायका लई तोंडाळ दिसत्यात. हिच्या आईबापानं हिला काय वळण लावलं का न्हाई?"

"नवऱ्याची तर कीव येती, मामा," गोरख म्हणाला. धुक्यात आवाज लांबवर जातो, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

पावलं चिखलात पचपच वाजत जवळ आली. आधी शाल दिसली, मग हातातलं दावं दिसलं, मग मंगल दिसली. तिच्यामागं हळूहळू गोरखचा गोठा उगवला. मग गोरखचं घर. मग दारातली तुळस. पहाटे दावं तोडून पाण्यात डुंबायला गेलेली घरची म्हैस मंगलच्या अंगाला मान घासत उभी राहिली.

मंगलनं एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा बापाकडं बघितलं, म्हशीच्या शिंगातली बाटली सोडवली आणि तिला घेऊन निघून गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं!

दुपारी पंगत बसली. पानात झणझणीत पिठलं होतं. शेजारच्या सारजाबाईनं पानाकडं बघितलं, मग गोरखकडं. "आन मासं कुठं?"

गोरखनं मान खाली घातली. पोरगं बोलतंय लई, हे आता सासरे चारचौघांत म्हणणार! पण रखमाजींनी घसा खाकरला.

"मासा व्हता की! ह्या डोळ्यांनी बघितला. जावयानं दोरी सोडली न्हाई, वाघाचं काळीज त्येचं! पार होडी ओढीत नेली त्या माशानं. पण सुटला शेवटी."

"आगं बया! केवढा व्हता?"

रखमाजींनी दोन्ही हात जेवढे लांबतील तेवढे लांब केले. गोरखचे डोळे भरून आले. असा सासरा नशिबानं मिळतो! तो मान ताठ करून भाकरी मोडणार, तोच चुलीपाशी बसलेल्या मंगलनं तव्यावरची भाकरी उलटत, मागं न बघता सांगितलं,

"शिंगं बी सांगा की, आबा!"