टाकीच्या मेलखाली अडकलेलं निमंत्रण

इमारतीचे सेक्रेटरी ईमेलच्या बाबतीत कुणाचं म्हणून ऐकत नसत. अकरा वर्षं इमारतीची मेलिंग लिस्ट तेच चालवत होते. त्यांनी मेल टाकला की चाळीस घरांत पोचलाच! आणि तरी शनिवारी सकाळी त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांची बायको साठाव्या वर्षी पहिल्यांदाच चारचौघांत व्हायोलिन वाजवणार होती, रविवारी पाच वाजता, खालच्या हॉलमध्ये. निमंत्रणाला मात्र एकाचंही उत्तर नव्हतं.

"अहो, कुणीच येणार नाही का?"

"येणार कसे नाहीत! पुन्हा आठवण करून देतो."

त्यांची पद्धत ठरलेली होती. लिस्टचा पत्ता टाइप करत कोण बसणार? त्यासाठी एक जुना मेल त्यांनी जपून ठेवला होता, 'गच्चीवरची टाकी गळते आहे' या विषयाचा. त्याला रिप्लाय दाबायचा, जुना विषय आणि मजकूर पुसायचा, की झालं नवं पत्र तयार. असे आठवणीचे तीन मेल त्यांनी धाडले. तिसऱ्यात तर जवळजवळ दमदाटीच होती. उत्तर शून्य!

"दहाच खुर्च्या मांडा. रिकाम्या बघून माझे हात कापतील," बायको म्हणाली. ती हसत म्हणाली, म्हणून त्यांना जास्तच लागलं.

रविवारी पाचच्या ठोक्याला दारात तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाई हजर. त्यांच्यामागे मास्तर, मग तिसऱ्या मजल्यावरचा प्लंबर सहकुटुंब. बघता बघता हॉल भरला.

"येणार होतात तर कळवायला काय झालं होतं?" सेक्रेटरी कडाडले.

"चार वेळा कळवलं!" डॉक्टरीणबाईही काही कमी नव्हत्या. "शेवटी तर 'येतोय हो, येतोय' असं लिहिलं."

"अशक्य! लिस्ट मी चालवतो."

"फोन द्या बरं इकडे," प्लंबर म्हणाला. त्याने दोन-तीनदा बोट फिरवलं. "काका, डाग दिसतो एकीकडे, गळती असते दुसरीकडे. विषय पुसला तरी हा मेल कोणत्या मेलला उत्तर आहे, ती खूण आत राहतेच. तुमची निमंत्रणं सगळी टाकीच्या मेलखाली जाऊन बसली, आमची उत्तरंही तिथेच. आणि टाकीच्या मेलांचा अख्खा गठ्ठा तुम्ही म्यूट केलाय, त्यात आलेलं काही तुम्हाला दिसतच नाही."

सेक्रेटरी फोनमध्ये डोकावले.

"म्हणजे टाकीच्या तक्रारी..." मास्तरांनी चष्मा सारखा केला.

"त्र्याहत्तर आहेत," प्लंबरने मोजून सांगितलं. "एकही उघडलेली नाही."

सेक्रेटरी खुर्च्या आणायला असे पळाले, की त्या वयात कुणी तसं पळू नये.

बायको वाजवायला बसली. पहिल्या दोन मिनिटांत एक-दोन सूर घसरले, मग तिला कुणाचंच भान राहिलं नाही. संपल्यावर सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. सर्वांत जोरात वाजवत होते ते मागच्या भिंतीपाशी उभे असलेले सेक्रेटरी, आणि त्यांना डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता.

"पुढचा कार्यक्रम टाकी दुरुस्त झाल्यावर," बायकोने उभं राहून जाहीर केलं. "तारीख हे कळवतील."

"नव्या मेलने!" अख्खा हॉल एका सुरात म्हणाला.