सगुणच्या कोलिमेटरचा कौल

"लेन्स सुधारणारे पुष्कळ, शास्त्र मात्र एकट्या सगुणकडे!" हे वाक्य सगुण स्वतःच म्हणायचा, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तोंडाला त्रास नको. पेडण्याच्या बाजारात त्याचे कॅमेरादुरुस्तीचे दुकान होते. लेन्स कॅमेऱ्यात केसभर पुढेमागे बसली की झूम मागे घेताच चित्र धूसर होते, आणि ती जागेवर आणायची म्हणजे बॅक फोकस जुळवायचा. आजवर सगुण हे काम समोरच्या डोंगरावरचा टॉवर बघून करायचा. टॉवर स्वच्छ दिसला की लेन्स बरोबर! पण टॉवर सगळ्या गावाचा. त्यात सगुणचा मोठेपणा तो काय?

अशात मोरजीला शूटिंग ठरले. मुंबईचा कॅमेरामन सुधीर आपली झूम लेन्स देऊन म्हणाला, "ही नीट लाव, सीझनभराचं सगळं काम तुझं!"

सगुणने लगेच दोन कोलिमेटर पसंतीसाठी मागवले, एक लांब, एक आखूड. कोलिमेटर म्हणजे एक नळी. तिच्यात पाहिले की डोंगरापलीकडचे अंतर टेबलावरच मिळते! सगुणने दोन्ही नळ्यांपुढे नारळ फोडला, कुंकवाची पिंजर लावली. लांब नळीवर एक लाल स्क्रू चमकत होता. त्यावर दुप्पट पिंजर आणि वर झेंडूची माळ! सोबतचे माहितीपुस्तक त्याने उघडलेसुद्धा नाही. पुस्तके अडाण्यांसाठी!

लेन्स लावली. लांब नळी म्हणाली, पुढे आहे. आखूड म्हणाली, मागे आहे. पुन्हा लावली, पुन्हा तेच. एका चुलीवरच्या दोन जावा बऱ्या!

"आवो, टॉवराकडेन पळयात मगे," बायको कमलाक्षी डोंगराकडे बोट करून म्हणाली.

"कोलिमेटर हाडून टॉवर पळोवं? लोक हासतले!"

"जाल्यार देवाक प्रसाद लायात."

"हें सायन्स, कमलाक्षी! देवाक लेन्सांतलें कितें कळटा?"

संध्याकाळी हे सायन्स फुलांची पुडी घेऊन इब्रामपूरच्या देवळात खाली मान घालून उभे होते. प्रसाद लावायचा म्हणजे देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवून कौल मागायचा. उजवी पडली तर लांब नळी, डावी पडली तर आखूड.

"भिकाजी, हळू विचार हां," सगुण कुजबुजला.

भिकाजी गुरवाला हळू बोलणे ठाऊकच नव्हते. त्याने घसा खाकरला आणि आरतीला जमलेल्या गावासमोर गाऱ्हाणे घातले, "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला.

"हो तुझो सगुण दोन नळ्यांच्या कात्रींत सापडला म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका खरी नळी खंयची ती दाखय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

उजवी पाकळी टपकन पडली. सगुणने घरी जाऊन लांब नळीवर लेन्स जुळवली आणि निवांत झोपला.

सकाळी मोरजीच्या किनाऱ्यावर तो लेन्स घेऊन हजर! मिरवायला काखेत माळेसकट नळीही होती. गर्दीच्या सीनसाठी इब्रामपूरची माणसे आणली होती, ती मागे उभी होती.

सुधीरने लेन्स चढवली. झूम केल्यावर हिरॉईनची नथसुद्धा स्पष्ट दिसली. झूम मागे घेतले आणि हिरॉईन, समुद्र, होड्या, सगळ्यांची पेज झाली!

"सगुण, यात हिरॉईन कुठली आणि होडी कुठली?"

"मशीन नवं आहे साहेब, एकदम सायंटिफिक!"

सुधीरने माळ उचलली, अंगठ्याने पिंजर पुसली आणि कपाळावर हात मारला. "अरे, हा लाल स्क्रू प्रवासात आतली काच हलू नये म्हणून असतो! आधी तो काढायचा, मग नळी लावायची. तू काढलाच नाहीस?"

सुधीरने लेन्स उतरवून ड्रायव्हरच्या हातात दिली. "पणजीला घेऊन जा. यापुढच्या सगळ्याही तिकडेच."

सीझनभराचे काम डोळ्यांदेखत गाडीत बसून निघाले. सगुणला रडायला आले, पण समोर मुंबईची माणसे उभी होती.

"दुसरी नळी नव्हती?" सुधीरने विचारले.

"होती."

"मग हीच कशी निवडलीस? देवाला विचारून?"

सगुण काही बोलणार, तोच मागून अख्खे इब्रामपूर एका सुरात गरजले, "व्हय म्हाराजा!"