मल्लूअण्णांचा जावई

इरा आणि नील,

परवा फोनवर तुम्ही दोघांनी मला एक प्रश्न विचारलात. आई-बाबांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तिकडे सगळ्यांनी मिळून लग्नाचा व्हिडिओ पाहिला, आणि मंगलाष्टकं चालू असताना त्यातला उजेड राहून राहून हलतो, हे तुमच्या लक्षात आलं. लाइट धरणाऱ्याला उचकी लागली होती का, असं नीलने विचारलं. एवढा मोठा कॉम्प्युटर असून त्या काकांना तेवढं नीट करता आलं नाही का, असं इराने विचारलं. याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहिते आहे. एखादा शब्द अडला तर आईला विचारा. तिला मराठी मीच शिकवलं आहे.

ते काका म्हणजे आमच्या समोरच्या घरातले मल्लूअण्णा. मे महिन्यात सोलापुरात दुपारी बारानंतर कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. अशा वेळी त्यांच्याकडे गेलात, तर घरातला एकुलता एक कूलर कॉम्प्युटरकडे तोंड करून चालू असतो, आणि अण्णा त्या कूलरच्या मागे, डोक्यावर ओला पंचा टाकून, घामाने निथळत बसलेले असतात. चुकून तुम्ही वाऱ्याच्या वाटेत उभे राहिलात, तर ते हाताने बाजूला सारतात.

"सरका की वाईच. जावयाला वारं लागू द्या."

अण्णांना मुलगी नाही. मुलगाही नाही. जावई म्हणजे कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड.

हे कार्ड दोन वर्षांपूर्वी कुरियरने आलं, त्या दिवशी अण्णा सकाळपासून दारात उभे होते. खोकं आल्यावर त्यांनी ते उंबऱ्याबाहेरच ठेवलं आणि मला हाक मारली. "बाई, तेवढं ओवाळा की. आमच्या घरात बाईमाणूस कोन हाय?" मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. मुलांना विज्ञाननिष्ठ व्हा म्हणून निबंध लिहायला लावले. आणि भर सकाळी मी एका पुठ्ठ्याच्या खोक्याला कुंकू लावून ओवाळत होते. कुरियरवाला सही घ्यायची विसरून बघत राहिला.

कार्डाला जावई का म्हणायचं, हे मी त्यांना विचारलं होतं. अण्णा कर्नाटकच्या सीमेजवळच्या दुधनीचे. घरची भाषा कन्नड, मराठी सोलापूरची, आणि कॉम्प्युटरची भाषा त्यांची स्वतःची. ते म्हणाले, कॉम्प्युटरमधला प्रोसेसर हा घरातला थोरला मुलगा. भाजी आण, बिल भर, पाहुण्याला स्टेशनवर सोड, सगळं तोच करतो, आणि म्हणून सगळं सावकाश करतो. कार्डाचं तसं नाही. "त्याला गार वारं पायजे, करंट लई पायजे, दुसरं कायबी सांगायचं न्हाई. पर व्हिडिओची घडी म्हटलं की झट्दिशी. मग जावई न्हाई तर कोन?"

घडी म्हणजे काय, तेही त्यांनीच समजावलं. कॅसेटवरचं लग्न कॉम्प्युटरमध्ये उतरवलं, की त्याची फाइल एवढी अवाढव्य होते, की ती तुमच्यापर्यंत धाडता येत नाही. ती पसरलेली चादर. तिची घडी घालायची, म्हणजे एन्कोडिंग. तिकडे तुमच्या टीव्हीने ती उलगडायची, म्हणजे डीकोडिंग. घडी नीट बसली नाही, तर उलगडल्यावर चुण्या दिसतात. हे दोन शब्द मी त्याआधी कितीदा ऐकले होते, पण कळले त्या दिवशी.

पूर्वी नवी पेठेत अण्णांचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. निम्म्या शहराची लग्नं त्यांनी काढली, आणि कापाकापी करताना प्रत्येक लग्न दहा-दहा वेळा पाहिलं. त्यामुळे त्यांना माणसं नावाने आठवत नाहीत, लग्नाने आठवतात. एकदा आम्ही दोघं रिक्षातून पेठेत उतरलो. समोरून कापडाचे एक मोठे व्यापारी आले, बरोबर सून आणि नातवंडं. अण्णांनी हात जोडले आणि म्हणाले, "तुमीच की ते, घड्याळ पायजे म्हणून बोहल्यावर चढंना झाले हुते." व्यापारी त्या दिवसापासून रस्ता बदलतात, असं ऐकते.

मला तरी कुठे सोडलं? सहा वर्षांपूर्वी ते समोर राहायला आले, तेव्हा एकटेच होते. पहिल्याच दिवशी मला बघून म्हणाले, "तुमी मुलीच्या लग्नात यादी घेऊन फिरत हुता. जेवतानाबी यादी डाव्या हातात." तुमच्या आईचं लग्नही त्यांनीच काढलेलं, हे मला तेव्हा समजलं. आणि यादी होती, हे खरं आहे.

अण्णांचा आवडता शब्द म्हणजे 'निधान'. कन्नडमध्ये त्याचा अर्थ सावकाश. जिना चढताना निधान, चहा पिताना निधान. मी दार जोरात लावलं तरी समोरून आवाज यायचा, "निधान, बाई, निधान." जावई घरात आल्यापासून हा शब्द बंद झाला. त्याच्या जागी 'झट्दिशी' आलं. लोकांच्या माळ्यावरच्या कॅसेटी ते मागून आणू लागले. तीन तासांचं लग्न कार्ड वीस मिनिटांत घडी करून द्यायचं, आणि अण्णा ते गल्लीभर सांगत फिरायचे, जणू स्वतःच धावून आले.

यंदा तुमच्या बाबांचा निरोप आला, की शनिवारच्या कार्यक्रमात लग्नाचा व्हिडिओ लावायचा आहे. मी माळ्यावरून कॅसेट काढली. डब्यावर माझ्या अक्षरात लग्नाची तारीख आणि 'मूळ प्रत, उसनी देऊ नये' असं लिहिलेलं होतं. आत फितीवर पांढरी बुरशी होती. अण्णांनी ती उजेडात धरली आणि बोटाने चक्र हळूच फिरवून पाहिलं. मग म्हणाले, एकदा चालेल, दुसऱ्यांदा सांगता येत नाही. तुमचे आजोबा चालताबोलताना फक्त याच कॅसेटमध्ये आहेत, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते माहीत होतं. आजोबांना ते "बुंदी वाढणारे सर" म्हणायचे.

कॅसेट एकदा चालली. पूर्ण लग्न कॉम्प्युटरमध्ये उतरलं आणि शेवटच्या पाहुण्याबरोबर फितीने व्हीसीआरमध्येच जीव सोडला. आता घडी तेवढी राहिली होती. बुधवार होता. हातात वेळ होता, जावई तयार होता.

इथे चूक माझ्याकडून झाली. मी शेजारी खुर्ची घेऊन बसले होते, माझ्या सवयीप्रमाणे कागद-पेन्सिल घेऊन. चित्रावर पांढरे-पांढरे ठिपके लुकलुकत होते. मी लिहिलं: एक, ठिपके काढणे. पुढे उजेड मधूनमधून हलत होता. मी लिहिलं: दोन, उजेड स्थिर करणे. या दोन्ही सफाया कार्ड घडी घालता घालताच करतं, हे अण्णांनी मला पूर्वी कौतुकाने दाखवलेलं होतं. त्या दिवशी मात्र ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की, बाई. जुनं हाय, जुन्यासारखं दिसू द्या." मी म्हटलं, अण्णा, परदेशात जायचं आहे, नीटनेटकं जाऊ द्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं, आणि स्क्रीनवरच्या त्या दोन्ही सफायांच्या चौकटींवर खूण केली.

वीस मिनिटांत लग्न तयार. चित्र काचेसारखं स्वच्छ. आम्ही ते सुरुवातीपासून पाहिलं. मंगलाष्टकं आली. भटजींनी "सावधान" म्हटलं, आणि मांडवातल्या सगळ्या माणसांनी हात वर करून काहीच टाकलं नाही.

मुलांनो, मी पुन्हा सांगते. तीनशे माणसं एकदम हात उडवत होती, माश्या हाकलल्यासारखी. तुमचे बाबा काहीही लागत नसताना डोळे मिटून मान आत घेत होते. आजोबा रिकाम्या हवेपासून पागोटं सांभाळत होते. आपल्याकडे अक्षता ज्वारीच्या असतात, कुंकवात रंगवलेल्या. टपोऱ्या, उडणाऱ्या. कार्डाने त्यांना बुरशीचे ठिपके समजून एकूण एक वेचून काढलं होतं.

मला हसू आवरेना. अण्णाही हसले. मग दुसरं "सावधान" आलं, तिसरं आलं, आणि त्यांचं हसू थांबलं. ते स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत होते. उजेड अगदी स्थिर होता, मी सांगितल्याप्रमाणे.

"हे लग्न लागलंच न्हाई, बाई," ते म्हणाले, आणि फाइल पुसून टाकली.

सफाई न लावता त्यांनी कार्डाकडून पुन्हा घडी करून घेतली. या वेळी अक्षता होत्या, पण त्यांचा शिरा झाला होता. हजार दाणे हजार दिशांना उडतात, आणि घाईने घडी घालणाऱ्याला तेवढे सांभाळता येत नाहीत. फाइल मोठी ठेवली तर चाललं असतं, पण मग ती वेळेत तुमच्याकडे पोचली नसती.

गुरुवारी सकाळी सात वाजता अण्णांनी जावयाला बसवून ठेवलं आणि काम थोरल्याकडे, म्हणजे प्रोसेसरकडे दिलं. तो सावकाश, पण दाणा न् दाणा सांभाळून घडी घालतो. एकोणीस तास लागणार होते. मी विचारलं, मध्येच वीज गेली तर? "तर पयल्यापासनं." आणि फाइल शुक्रवारी सकाळी निघाली नाही, तर शनिवारी तिकडे पडदा कोरा राहणार होता. मी म्हटलं, शिरा तर शिरा, तोच पाठवू. त्यांनी मान हलवली. "निधान, बाई." दोन वर्षांनी तो शब्द ऐकला.

दुपारी बाराच्या सुमाराला वीज गेली. मी ताक घेऊन धावले. इन्व्हर्टर जुना. त्याच्यावर जास्त वेळ निघावा म्हणून अण्णांनी पंखा बंद केला होता, दिवा बंद केला होता, फोनचा चार्जरसुद्धा काढला होता. कूलर इन्व्हर्टरवर चालत नाही. म्हणून ते सूप घेऊन कॉम्प्युटरला वारा घालत होते. मी ताक ठेवलं आणि वर्तमानपत्राची घडी करून दुसऱ्या बाजूने सुरू केलं. दोन म्हातारी माणसं एका लोखंडी डब्याला वारा घालत होती. तुमच्या आईने पाहिलं असतं, तर तिने पहिल्या विमानाचं तिकीट काढलं असतं.

स्क्रीनच्या एका कोपऱ्यात, थोरला सध्या कुठवर आला आहे ते छोट्या चौकटीत दिसत होतं. चित्र एकेक करून, थांबत थांबत पुढे सरकत होतं. तो मंगलाष्टकांपर्यंत आला होता. अक्षता हवेत थांबलेल्या. एकेक दाणा वेगळा. मग उजव्या कडेने, अगदी कॅमेऱ्याच्या जवळून, एक हात आत आला. मनगटात हिरव्या बांगड्या, मूठ उघडत असलेली. पुढच्या चित्रात सगळा मांडव थोडा तिरका उजळला. त्याच्या पुढच्या चित्रात हात नव्हता.

अण्णांचं सूप थांबलं. मग त्यांनी पुन्हा वारा घालायला सुरुवात केली.

"शरणम्मा," ते म्हणाले. "आमची. लाइट तीच धरायची की."

बाकीचं त्यांनी कॉम्प्युटरकडे बघतच सांगितलं. तो दिवा जड असायचा, तापायचा, मागे लांब वायर. दोन्ही हातांनी धर म्हणून ते तिला रोज ओरडायचे. उजेड हलतो म्हणून गिऱ्हाइकं तक्रार करायची. ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या लग्नात मांडवाच्या दारातच ओंजळभर अक्षता मागून पदरात बांधून ठेवायची. भटजींनी "सावधान" म्हटलं, की एक हात सुटायचा.

"म्हनायची, लोकांच्या लग्नात यायचं आन अक्षता न टाकता जायचं, बरं दिसतंय का ते?" सूप हलतच होतं. "फोटो एकच हाय तिचा, रेशन कार्डावरचा. एवढ्या कॅसेटी काढल्या, एकात बी तोंड न्हाई. लाइट धरनाऱ्यावर लाइट कसा पडंल?"

लोकांच्या कॅसेटी ते का मागून आणतात, हे मला तेव्हा कळलं. आणि उजेड स्थिर करा, असं मी कागदावर क्रमांक घालून लिहून दिलं होतं. त्यांनी त्यावर निमूटपणे खूणही केली होती. त्या लग्नात लाइट धरणाऱ्या बाईंना मी जेवायला बसवलं होतं का, हे मी खूप आठवून पाहिलं. आठवलं नाही. यादीत तर त्यांचं नाव नव्हतंच.

पाऊण तासाने वीज आली. इन्व्हर्टर शेवटच्या लाल दिव्यावर होता. अण्णांनी उठून कूलर लावला आणि त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे केलं. मी ते थोडंसं त्यांच्याकडे वळवलं. मी गेल्यावर त्यांनी तो पुन्हा सरळ केला असणार. शुक्रवारी सकाळी फाइल तुमच्याकडे निघाली.

तर नील, उचकी नव्हती. आणि इरा, त्यांना ते नीट करता येत होतं. एकदा त्यांनी ते करूनही दाखवलं.

कॅसेट आता नाही. नवी पेठेतल्या त्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात. आजोबा नाहीत, शरणम्मा नाहीत. तुमच्याकडच्या फाइलमध्ये भटजी आठ वेळा "सावधान" म्हणतात, आणि आठही वेळा उजेड हलतो. मी मोजलं आहे.