नऊशे मिलिमीटरची तयारी

हिंजवडीकडून येणाऱ्या एका भुयारी मार्गात दर पावसाळ्यात पाणी साचत असे. त्याबाबत संबंधितांनी करायचं ते सर्व केलं होतं. म्हणजे 'पुढे पाणी आहे' असा फलक लावला होता. मार्गाच्या अलीकडे भाग्यश्रीचं ऑफिस, पलीकडे तिची सोसायटी, शेजारी इंदुबाईंचं पाळणाघर, आणि पाळणाघरात तीन वर्षांची सोनू.

"साडेसहाला कुलूप," इंदुबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "उशीर अवश्य करावा. तिसऱ्यांदा केलात की नाव कमी." जुलैपर्यंत दोन उशीर झाले होते. नाव कमी म्हणजे सोनू घरी, आणि तिच्यामागून भाग्यश्रीही घरी.

नवरा अभिनव इंजिनीअर असल्याने त्याने मूळ अडचणीला हात न लावता उपाय काढला. चारही चाकांना जोर लावणारी जीप आणि भाग्यश्रीला घेऊन तो बिबवेवाडीतल्या पोपटच्या गॅरेजात गेला.

"इंजिनाच्या नाकात पाणी गेलं की खेळ संपला, वहिनी," पोपट म्हणाला. "म्हणून नाक छपरावर न्यायचं. पण नदी कंची ओलांडताय?"

"ऑफिसातून घरी यायचंय," भाग्यश्री म्हणाली.

पोपटने पान्हा खाली ठेवला. "मग आणखी वीतभर वर घेतो."

वायरींच्या जोडांना ग्रीस लागलं, गिअरबॉक्सच्या नळ्या उंच गेल्या, आणि गाडी नऊशे मिलिमीटर पाण्याला पात्र ठरली. महिन्याभरात सोसायटीत अशा अठरा गाड्या झाल्या. सेक्रेटरी सुदर्शनरावांनी जलपार समिती नेमली. नियम क्रमांक चार: पाण्यात गाडी घालण्यापूर्वी एका व्यक्तीने काठी घेऊन चालत खोली तपासावी. नियम पाच: चालकाने गाडी सोडू नये.

मग तो दिवस आला. सहा वाजता अठरा गाड्या पाण्यासमोर रांगेत उभ्या. सीटचे पट्टे सोडलेले, काचा खाली, पहिला गिअर. सतरा गाड्यांत चालक एकटाच, त्यामुळे नियम पाचप्रमाणे सगळे बसून राहिले. सहा वाजून दहा मिनिटं झाली. पहिल्या गाडीतून, अभिनवच्या शेजारून, भाग्यश्री उतरली.

"काठी घे," अभिनव म्हणाला. "आणि आकडा मिलिमीटरमध्ये सांग हं!"

पाणी गुडघ्यापर्यंत होतं. मध्यावर तिचा पाय कशाततरी अडकला. वाकून ओढलं, तर सिमेंटचं रिकामं पोतं. खालच्या गटाराच्या जाळीने ढेकर दिल्यासारखा आवाज केला. भाग्यश्री पलीकडे पोचेपर्यंत पाणी घोट्याखाली आलं होतं.

सहा अठ्ठावीसला तिने पाळणाघराचं दार ढकललं. इंदुबाईंनी घड्याळ पाहिलं, मग तिची चिखलाने माखलेली सलवार पाहिली, आणि टॉवेल पुढे केला. सोनूने आईच्या पायांच्या सुरकुतलेल्या बोटांवरून हात फिरवला. "आई, तुझ्या पायांनी किती वेळ अंघोळ केली?"

मायलेकी भुयारी मार्गाशी परतल्या तेव्हा अठरा गाड्या कोरड्या रस्त्यावर नाकं वर करून उभ्या होत्या.

"अगं, विचारायचं तरी!" अभिनवचा आवाज रडवेला झाला होता.

रविवारी खास सभा. विषय: सामायिक पाणी विनापरवाना सोडणे.

"वहिनी, आपल्या भावना आम्ही समजतो," सुदर्शनराव म्हणाले. "पण अठरा नाकं छपरावर नेली, ती आता काय रुमालाने पुसत बसायची?"

पोतं मूळ जागी सन्मानाने ठेवावं, असा ठराव आला. अभिनवचा हात बायकोकडे न बघता हळूच वर गेला. विरोधात भाग्यश्री, आणि तिच्या मांडीवरून सोनू. इतिवृत्तात नोंद झाली: 'ठराव मंजूर. एक मत अल्पवयीन असल्याने बाद.'

सोमवारी पाऊस आला. भाग्यश्री काठी घेऊन उतरली आणि वेळेत पलीकडे गेली. अठरा गाड्या आकड्याची वाट पाहत अजून थांबल्या आहेत.

असं कुठे असतं का, म्हणता? नसेलही. आपली गाडी किती पाण्यात चालते, हे आपल्याला पाठ असेलच. आपल्या रस्त्यावरची जाळी कुठे आहे, तेवढं सांगा.