नारोपंतांचं हवाई दल

एका जंगलात, बाळांनो, सगळे प्राणी पोटापाण्याच्या उद्योगात होते आणि एक उदमांजर लढाऊ जेट विमानं जोडत बसलं होतं.

खरी नव्हेत. खोक्यातून सुटी येतात ती. प्लास्टिकच्या चौकटीतून एकेक तुकडा काढायचा, घासायचा, चिकटवायचा, मग रंग द्यायचा. तयार झालेलं विमान नारोपंतांच्या पंजावर मावे. नारोपंत हे त्या उदमांजराचं नाव.

नारोपंतांचा जीव त्या विमानांत होता. वैमानिकाच्या जागेसमोरची घड्याळं ते स्वतःच्या मिशीच्या केसाने रंगवत. इतकी बारीक, की बघायला डोळा विमानाला टेकवावा लागे. पण टेकवत कोणी नसे. शेजारी दारातूनच विचारत की हे उडतं का, आणि नाही म्हटलं की निघून जात. एकाने तरी जवळून बघावं, एवढीच नारोपंतांची इच्छा होती.

आता झालं काय, ओढ्यापलीकडच्या भालोजी अस्वलाला या जंगलाचा पाणवठा हवासा वाटू लागला. त्याने सैन्य ओढ्याकाठी आणून बसवलं आणि टेहळणीला घार पाठवली. इकडे राजा वाघोजीरावांकडे सैन्य म्हणाल तर दोन सांबरं होती, आणि त्यातलं एक रजेवर होतं.

त्याच सकाळी नारोपंतांनी ताजी रंगवलेली विमानं उघड्या कातळावर ओळीने वाळत घातली होती. घारीने ती वरून पाहिली. जेट विमान केवढं असतं हे तिला ठाऊक होतं. ही तर नाकतोड्याएवढी दिसत होती. म्हणजे आपण किती उंच आलो, हे मनात येताच तिला भोवळ आली. श्वास पुरेना. थंडी वाजू लागली. गरगरत ती खाली आली ती थेट भालोजीच्या मांडीवर. शत्रूकडे हवाई दल आहे, एवढं सांगून तिने डोळे मिटले.

भालोजी घाबरला. पण नुसत्या ऐकीव गोष्टीला घाबरणं त्याला कमीपणाचं वाटलं. विमानं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मागे हटणार नाही, असा निरोप त्याने धाडला.

वाघोजीरावांनी नारोपंतांना विमानासकट दरबारात आणवलं. नारोपंतांनी खरं ते सांगितलं. हे उडत नाही, नुसतं बघायचं असतं, तर महाराजांनी जरा डोळा लावून आत बघावं. महाराजांनी बघितलं नाही. त्यांनी नारोपंतांना तिथल्या तिथे हवाई दलाचे प्रमुख केलं आणि हुकूम सोडला की विमानांच्या आसपास कोणीही फिरकायचं नाही.

एवढं मोठं पद मिळालं आणि नारोपंतांना रडू आलं.

दुसऱ्या दिवशी भालोजीला लांबच्या टेकडीवर उभं केलं. खाली कातळावर विमानं चमचमत होती.

"लहान दिसतात," भालोजी म्हणाला.

"लांब आहेत," वाघोजीराव म्हणाले.

भालोजीला ते पटलं. तेवढ्यात कातळाच्या कपारीतून मंजुळा नावाची रानकोंबडी बाहेर आली. हुकूम तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. ती तुरुतुरु विमानांत शिरली. एकाच्या पंखावर पाय देऊन उभी राहिली, दुसऱ्याच्या नाकाला चोच घासली आणि तिसऱ्यात डोळा लावून बघत बसली.

टेकडीवरून नारोपंत वाकून बघू लागले. चाक नक्की मोडलं असणार. पण ती आत बघत होती. बराच वेळ बघत होती.

भालोजी दोन पावलं मागे सरला. "विमानं राहू द्या," तो हळूच म्हणाला. "ती कोंबडी कोणाची?"

वाघोजीरावांना आधी काही समजेना. मग समजलं.

"आमचीच," ते म्हणाले. "अजून वाढत्या वयाची आहे."

भालोजी टेकडी उतरला तो सैन्य घेऊन ओढ्यापार दिसेनासा झाला. जाता जाता सांगून गेला की पाणवठा तुमचाच, आणि बाईंना आवडत असेल तर आमचं मोहाचं बनही न्या.

नारोपंत धावत कातळावर पोचले. चाक खरंच मोडलं होतं. मंजुळेने मान वर केली.

"आत घड्याळं आहेत," ती म्हणाली. "एकाचा काटा वाकडा आलाय."

नारोपंतांनी डोळा टेकवून पाहिलं. काटा वाकडाच होता. जन्मात झाला नव्हता एवढा आनंद त्यांना झाला. ते कातळावर गोल गोल नाचले. मंजुळाही नाचली. त्या नाचात उरलेली चाकंही मोडली.

संध्याकाळी मंजुळा सेनापती झाली आणि नारोपंतांचं पद गेलं. नारोपंतांना ते कळलंही नाही. ते काटा सरळ करत होते. ओढ्यापलीकडे भालोजीने मात्र आपल्या कोंबड्यांचा खुराक दुप्पट केला. अजून एकही म्हणावी तशी वाढलेली नाही.

तात्पर्य: राज्य विमानांनी वाचत नाही, कोंबडीने वाचतं. फक्त शेजारी विमानं नसली, तर कोंबडी कोंबडीएवढीच दिसते.